पाठीवरची फुली

माझ्या बायकोला नाट्यगृहात सगळे टाचणी म्हणायचे. तोंडावर ताई, पाठीमागे टाचणी. ओठांत टाचण्या धरूनच ती बोलायची आणि तिचं बोलणंही तसंच टोचायचं, म्हणून नाव चिकटलं. मी तिथेच मेकअपमन होतो. मी तोंडं रंगवायचो, ती कपडे चढवायची. मोठमोठ्या गायकांना आणि नटांना आम्ही दोघांनी बनियनवर पाहिलेलं असल्यामुळे आमच्या घरात कुणाचा दरारा म्हणून राहिला नव्हता.

लोक म्हणतात, तिने एका थोर कलावंताचा भर कार्यक्रमात घात केला. म्हणोत बापडे. मी तिचा नवरा आहे, माझी बाजू ठरलेली आहे. निष्पक्ष माणूस हवा असेल त्याने दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. मी जे झालं ते सांगतो, आणि ते सांगताना मला अजूनही मजा येते, हे आधीच कबूल करून टाकतो.

सुरुवात तिच्या बाबांपासून करायला हवी. माझे सासरे त्याच नाट्यगृहात डोअरकीपर होते. दाराशी उभं राहायचं, तिकीट फाडायचं, उशिरा आलेल्या माणसाला बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. उंच, ताठ, आवाज मऊ. कार्यक्रम सुरू झाल्यावर ते आतल्या भिंतीला टेकून उभ्या उभ्या ऐकायचे आणि गाणं आवडलं की बॅटरी मांडीवर हळूच वाजवायचे. आयुष्यात त्यांनी एकच कोट शिवून घेतला. काळा. निमित्त होतं लेकीच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाचं. लेकीला शिवणकामाचं बक्षीस मिळणार होतं. बाकीच्या मुलींचे वडील सुटाबुटात येतात, माझेही यायला हवेत, असा हट्ट तिने धरला होता आणि बाबांनी तो मनावर घेतला होता.

इथे एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कोटाला पाठीमागे, खाली, बसताना घडी पडू नये म्हणून एक चीर असते. नवीन कोट शिंप्याकडून येतो तेव्हा ती चीर उघडी नसते. ती फाकू नये, इस्त्री मोडू नये, म्हणून शिंपी तिच्यावर जाड पांढऱ्या दोऱ्याने एक फुली घालून ठेवतो. कच्चा टाका. कोट पहिल्यांदा अंगात घालताना ती फुली कापून टाकायची असते. सासऱ्यांना हे माहीत होतं, त्यांच्या बायकोला माहीत होतं, घरातल्या मांजरालाही माहीत असावं. त्यांच्या घरी तर रीतच होती, की नव्या कपड्याचा कच्चा टाका घालणाऱ्याने स्वतः कापायचा नाही, घरच्या माणसाने कापायचा. माझ्या सासूबाईंनी कात्री काढून खिडकीत ठेवलीसुद्धा होती.

कोट संध्याकाळी कामावर येता येता शिंप्याकडून आणला आणि दाराजवळच्या खोलीत खुंटीला अडकवून बाबा दाराशी उभे राहिले. त्या दिवशी एका ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. त्यात एक नवखा गायक होता. तो बरेच दिवस नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी घुटमळायचा. बाबाच त्याला तिकिटाशिवाय आत सोडायचे, आपल्यातला अर्धा चहा द्यायचे. त्या दिवशी त्याला पहिल्यांदाच एक गाणं मिळालं होतं. ऑर्केस्ट्राचे सगळे लोक काळ्या कोटात आणि ह्याच्या अंगात चट्टेरीपट्टेरी शर्ट. मॅनेजर म्हणाला, कोट नसेल तर स्टेजवर पाऊल ठेवू नकोस. हा पळत दाराजवळच्या खोलीत गेला, खुंटीवरचा कोट ओढला, अंगात घातला आणि स्टेजवर. कुणाला विचारलं? कुणाला नाही.

गाणं बरं चाललं होतं. कडव्यांमधल्या वादनात तो पाठ करून नाचायला लागला आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, पाठीवर फुली!" काळ्या कोटावर ढळढळीत पांढरी फुली. सगळं नाट्यगृह हसायला लागलं. आता बघा, माणूस कसा आहे ते इथे कळतं. त्याने वाद्यं थांबवली, कोट काढला आणि म्हणाला, "मंडळी, मला हसू नका. कोट माझा नाहीच! आपले डोअरकीपरकाका आहेत ना, त्यांचा आहे. नवा कोट कसा घालतात हेसुद्धा काकांना ठाऊक नाही. या काका, वर या!" बाबा गेले. स्टेजवरून बोलावलं म्हणजे जायचं, एवढंच त्यांना कळत होतं. त्याने कोट त्यांच्या खांद्यावर टाकला, त्यांना दोन्ही खांद्यांना धरून लोकांकडे पाठ करून उभं केलं, आणि मग लोक जे हसले म्हणता, खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाहीत?" तर म्हणाले, "पोराचा पहिलाच कार्यक्रम होता. म्हटलं, जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले नाहीत. लेकीने बक्षीस घेतलं आणि दाराकडे बघत राहिली.

एवढ्यावरच संपलं असतं तर मीसुद्धा म्हटलं असतं, जाऊ दे. पण त्या हशाची चव त्या गायकाच्या जिभेवर राहिली. त्याने त्याच्यावर गाणं केलं. नवा कोट घालून तोऱ्यात फिरणारा, पाठीवर फुली घेऊन सगळ्या गावाला हसवणारा एक दाराशी उभा राहणारा काका.

कोट नवा हो, काकांचा तोरा नवा,
पुढून नका बघू, जरा मागून बघा!

आणि मग सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "फुली! फुली! काकांच्या पाठीवर फुली!" हे गाणं कुठे वाजलं नाही ते सांगा. लग्नात वाजलं, सहलीच्या बसमध्ये वाजलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरांनी त्यावर नाच केला. नाचताना दोन बोटांनी पुढच्याच्या पाठीवर फुली काढायची, ही त्याची खूण झाली. आणि ज्याच्यावरून हे गाणं झालं तो माणूस त्याच नाट्यगृहाच्या दाराशी रोज उभा होता. लोक तिकीट फाडून घ्यायचे आणि जाता जाता त्यांच्या पाठीवर बोटाने फुली काढायचे. पोरं खडू घेऊन यायची. सासूबाई रोज त्यांच्या शर्टावरचा खडू ब्रशने झाडायच्या आणि तोंडाने त्या गायकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. माझी बायको तेव्हा शाळकरी मुलगी, ती शेजारी बसून हे बघायची. तिच्या मनात जी अढी बसली ती तिथेच.

शेवटी बाबांनी ती नोकरी सोडली आणि एका गोदामात लागले, जिथे दिवसभर पाठीला पोत्यांची थप्पी असायची. पण सवय गेली नाही. अजूनही ते कुठेही बसले की भिंतीला पाठ लावून बसतात. रांगेत उभे राहिले की मागच्याला म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे." त्यालाही मागचा असतो, मग त्यालाही म्हणतात, "तुम्हीही व्हा." असं करत रांग संपली की मगच ते खिडकीशी जातात. मी लग्न करून त्या घरात आलो तेव्हा मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे. बायकोने खरं कारण सांगितलं तेव्हा मला त्या रात्री जेवण गेलं नाही. कोट मात्र त्यांनी टाकला नाही. ट्रंकेत तळाशी, फुलीसकट. सासूबाई गेल्या तरी ती फुली कापलेली नव्हती.

इकडे तो गायक मोठा झाला. त्याला कळलं होतं, की लोकांना कपड्यांची गाणी आवडतात. मग त्याने त्याचाच धंदा केला. बो-टाय बांधता न येणाऱ्या नवरदेवाचं गाणं, उसन्या टायचं गाणं, एका बुटाला पॉलिश आणि एक तसाच राहिलेल्या कारकुनाचं गाणं. लोक त्याला कौतुकाने कोटवाला म्हणायला लागले. मी इतकी वर्षं रंगपटात काढली, शेकडो गाणी विंगेतून ऐकली, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, गाण्यातला कोट नेहमी दोघांच्याच अंगावर असतो. एक हिरो, त्याला तो शोभतो. दुसरा गरीब, त्याला तो शोभत नाही आणि म्हणून आपण हसतो. जो हसवतो तो स्वतः कायम पहिल्यात. कोटवाला दर गाण्याला नवा कोरा कोट घालायचा आणि ज्याच्याकडे एकच कोट आहे त्याला हसायचा. आणि आपण टाळ्या वाजवायचो. मीही वाजवल्या आहेत लहानपणी, काय करता.

माझ्या बायकोने कपडेपटाचं काम का धरलं हे तुमच्या लक्षात आलं असेलच. शिवणकामात हात चांगला होताच. मालकाकडे जाऊन म्हणाली, मला इथेच काम हवं. दुसरीकडून चांगली बोलावणी आली तरी हलली नाही. मी एकदा विचारलं, "अगं, ज्या दाराने बाबांना बाहेर घालवलं त्याच दारातून रोज आत जातेस?" ती म्हणाली, "तो इथे येतो. आज ना उद्या परत येईल. आला की कोट मीच घालणार."

आणि तो आला की. मधल्या वर्षांत चांगला पाच-सहा वेळा आला. तिने त्याला कोट घातला, पाठीमागे वाकून फुली कापली, दोरे चिमटीत धरून कचऱ्यात टाकले. तो तिच्याकडे वळूनही बघायचा नाही. हात पसरून उभा राहायचा, खुंटीसारखा. पहिल्यांदा मी घाबरून बघत होतो, की आता ही कात्री कुठे घालते. तिने काही केलं नाही. घरी येताना म्हटलं, "का गं, सोडलंस त्याला?" तर माझ्यावरच उखडली. "फुलीचं गाणं होतं का आज? टीव्हीवर होतं का? बाबा बघत होते का? मग अर्धवट कशाला करू?" तेव्हा मला कळलं की माझ्या बायकोच्या पोटात काय आहे. खरं सांगतो, त्या दिवसापासून मी तिला चहात साखर कमी पडली तरी बोललो नाही.

मग गौरव सोहळा ठरला. कोटवाल्याच्या कारकिर्दीचा, त्याच नाट्यगृहात, रविवारी दुपारी, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. शेवटचं गाणं अर्थातच फुलीचं. त्या गाण्याला त्याने आता एक शेपूट जोडलं होतं. गाणं संपता संपता तो लोकांना विचारायचा, "आणि माझ्या पाठीवर?" मग गर्रकन वळायचा, पाठ दाखवायचा आणि सगळे ओरडायचे, "नाही! नाही!" तालमीत हे शेपूट बघितलं आणि बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून एक एक करून उशीत खोचल्या. ती हसली. तिला कामावर असताना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

घरी तिने बाबांना सरळ सांगितलं, "बाबा, रविवारी दुपारी टीव्ही लावायचा."

"तो असेल तर नाही," बाबा म्हणाले. घरात ते गाणं लागलं की ते उठून मोरीत जाऊन नळ सोडायचे.

"तोच आहे. म्हणूनच लावायचा."

"कशाला बाळ? झालं ते झालं."

"तुमचं झालं असेल. माझं नाही झालं."

बाबांची बहीण, म्हणजे आमच्या आत्या, त्या घरीच असतात. त्यांना ऐकू कमी येतं आणि म्हणून टीव्ही शेजारच्या इमारतीलाही ऐकू जातो. बायकोने आत्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "आत्या, बाबांना उठू द्यायचं नाही. नळ सोडायला गेले तर टाकीची चावीच बंद करा." आत्या म्हणाल्या, "चावी आत्ताच करते बंद." रविवारपर्यंत पाणी लागेल हे त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

रविवारी कोटवाला माझ्या खुर्चीत बसला. म्हातारा झाला होता. डोळ्यांखालच्या पिशव्या लपवायला मला बराच रंग लागला. माणूस इतक्या जवळून बघितला की राग जरा पातळ होतो, हा माझ्या धंद्यातला तोटा आहे. मनात आलं, जाऊ दे, काय उरलंय ह्याचं. नवा कोट खुंटीवर होता. बायको शेजारी उभी, गळ्यातल्या फितीला कात्री लटकवलेली. आणि तिने, जिने इतकी वर्षं त्याच्याशी चकार शब्द काढला नव्हता, तिने विचारलं, "साहेब, ते फुलीचं गाणं. तो काका खरा कोण होता हो?"

मी आरशातून तिच्याकडे बघितलं. मला कळलं, ही त्याला एक संधी देते आहे. तो 'होता एक बिचारा, चांगला माणूस होता' एवढं जरी म्हणाला असता ना, तर तिची कात्री चालली असती. नवरा आहे मी तिचा, मला कळतं.

तो हसला. "अहो, गाण्यातली माणसं कुठे खरी असतात का? असला गाढव खरा असतो का कुठे?"

ती म्हणाली, "बरं." आणि कोट खुंटीवरून काढला.

तिने त्याला कोट घातला, खांदे बसवले, कॉलर सारखी केली, बाह्यांवरून हात फिरवला. मग पाठीमागे वाकली. मी बघत होतो. तिने कात्री उघडली, फुलीजवळ नेली, हवेत एकदा कचकन वाजवली आणि फितीला सोडून दिली. "झालं, साहेब." तो आरशात पुढून स्वतःकडे बघून खूश झाला. पाठ बघायची गरज त्याला आयुष्यात कधी पडलीच नव्हती, त्यासाठी माणसं होती. विंगेत उभं राहिल्यावर मी तिला म्हटलं, "नोकरी जाईल." ती म्हणाली, "तुमचीही जाईल." मी म्हटलं, "ते माझ्या लक्षात आलंय." मग आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो.

गाणं रंगलं. मागे नाचणाऱ्या सगळ्या पोरींच्या पाठीवर मोठाल्या चकचकीत फुल्या. लोक उभे राहून एकमेकांच्या पाठीवर बोटं फिरवत होते. आणि तो क्षण आला. त्याने हात वर केले, वाद्यं थांबली. "आणि माझ्या पाठीवर?" म्हणाला आणि गर्रकन वळला.

लोकांनी सवयीने "ना..." पर्यंत म्हटलं आणि थांबले. कॅमेरा जवळ गेला. स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर काळा कोट आणि त्याच्यावर हातभर मोठी पांढरी फुली. मग एक बाई हसली. मग रांग हसली. मग सगळं नाट्यगृह. "फुली! फुली! साहेबांच्या पाठीवर फुली!" त्याला काही उमजेना. त्याने हात पाठीमागे नेला, पोचेना. दुसरा हात नेला. स्वतःभोवती फिरायला लागला, तशी फुली सगळ्या बाजूंनी दिसली. मग त्याने पडद्याकडे बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. माझा रंग ओघळायला लागलेला मला विंगेतून दिसला, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

पण माणूस मुरलेला. क्षणात सावरला. आणि तेच केलं जे त्याने पहिल्यांदा केलं होतं, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं. "मंडळी, मला हसू नका!" तो ओरडला. "माझी चूक नाही. आमच्या कपडेवाल्या बाई आहेत ना, त्यांना एवढंही ठाऊक नाही! बोलवा त्यांना. या बाई, वर या!"

माझी बायको ह्याच हाकेची वाट बघत होती. तिला शाळेपासून पाठ होतं, की हा आता कुणाला तरी वर बोलावणार. ती कामाच्या एप्रनमध्येच गेली, बाहीला टाचण्या खोचलेल्या, गळ्यात कात्री. त्याने तिला खांद्याला धरून वळवायला हात पुढे केला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की हात तसाच राहिला. मग तिने त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"साहेब, हा कोट तुमचा आहे," ती म्हणाली. "फुलीही तुमचीच आहे. मागच्या वेळी कोट माझ्या बाबांचा होता. ते इथे दाराशी उभे राहायचे. तुम्हाला फुकट आत सोडायचे, अर्धा चहा द्यायचे. तुम्ही त्यांचा नवा कोट न विचारता घेऊन पळालात. त्यांनी तो घातलासुद्धा नव्हता, म्हणून फुली तशीच होती. ती तेव्हाही तुमच्याच पाठीवर होती. लोक तुम्हाला हसले होते, बाबांना नाही. तुम्ही ते हसू काढून माझ्या बाबांच्या खांद्यावर टाकलंत आणि आयुष्यभर त्याच्यावर जेवलात."

मग ती म्हणाली, "ज्याच्यावर तुम्ही गाणं केलंत, त्या माणसाने तो कोट अजून एकदाही घातलेला नाही. तुमचं परत करायला आले होते. केलं."

कोटवाल्याने माइकपासून तोंड लांब नेत हळूच म्हटलं, "बाई, कापा हो ती. हात जोडतो. अजून सत्कार व्हायचाय."

"आमच्यात घरच्या माणसाने कापायची रीत आहे," ती माइकवरच म्हणाली. "तुमच्या घरून कुणाला तरी बोलवा." माइक त्याच्या हातात दिला आणि चालत विंगेत आली. त्याने कुणाला बोलावलं नाही. पहिल्या रांगेत त्याची बायको, मुलगा, सून सगळे बसले होते, पण कॅमेऱ्यासमोर उठायची कुणाची छाती झाली नाही. तो पडद्याला पाठ लावून, खेकड्यासारखा आडवा सरकत विंगेपर्यंत गेला. भिंतीला पाठ लावून कसं चालायचं असतं, हे त्याला थोडा वेळ का होईना, कळलं.

मॅनेजर आरडाओरडा करत आला. तिला काढलं, मलाही काढलं. त्याने सांगायच्या आधीच मी ब्रश पिशवीत भरले होते.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. आत्यांनी दार उघडलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "हलला नाही हो जागचा! मी चावी बंदच केली होती!" बाबा खुर्चीत बसले होते. खुर्ची खोलीच्या मधोमध, भिंतीपासून लांब. टीव्ही बघायला त्यांनी ती पुढे ओढली होती आणि परत मागे न्यायची विसरले होते. मांडीवर कोट होता. ट्रंक उघडीच.

बायको त्यांच्यासमोर खाली बसली. "बाबा, रागावलात?"

बाबांनी कोटाची बाही नाकाशी नेली, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याला त्याचा घाम आहे अजून," ते म्हणाले. "आधी धुऊन आण."

तिला आधी कळलंच नाही. मला कळलं. मी कोट त्यांच्या हातातून घेतला आणि रविवारी दुकान बंद असलेल्या लाँड्रीवाल्याला घरून उठवून आणलं. तो म्हणाला, "ही फुली काढू का?" मी म्हटलं, "हात लावून तर बघ."

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं तिकीट काढून त्याच नाट्यगृहात गेलो. कसलासा वाद्यवृंद होता, काय वाजवलं ते मला आठवत नाही. आठवतं ते निघायच्या आधीचं. बाबांनी पहिल्यांदा बाह्यांत हात घातले. कोट खांद्यांना सैल झाला होता, आतला माणूस वाळला होता. सासूबाईंची कात्री बायकोने शोधून काढली होती. बाबा तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, आपण होऊन. ती मागे वाकली आणि तशीच राहिली. जिने कोटवाल्यासमोर पापणी हलवली नव्हती, तिच्या हातातली कात्री दोऱ्यापर्यंत जाईना. मी पुढे होणार, तेवढ्यात बाबांनी न वळताच मागे हात नेऊन तिचं मनगट चाचपलं.

"काप गं आता," ते म्हणाले. "उशीर होईल. दार लावून घेतात."